अंगठ्याआधीची रेघ

गुरुजी, आज सकाळी देवापुढे दिवा लावला आणि शेतकरी सोसायटीची ठरावांची वही पिशवीत घालून सभेसाठी खोडाळ्याची जीप पकडली. पिशवी वाटभर मांडीवरच होती.

वहीच्या जुन्या पानांवर तुमच्या तांबड्या रेघा अजून ठळक आहेत. शेवटचा ठराव मोठ्याने वाचायचा, खालच्या कोऱ्या जागेवर पट्टी ठेवून तिरकी रेघ ओढायची, मगच सह्या-अंगठे. तुमच्यानंतर मी सचिव झालो आणि पहिल्याच सभेत अर्धं पान कोरं सोडलं. सगळ्यांसमोर म्हणालात, "नांगरलेलं रान मोकळं सोडलंस, तर कोणीही पेरून जाईल." आमच्या पाड्यावरची काकी हसली, "मास्तर, याच्या कपाळावर पण एक रेघ मारा!" मला राग आला होता. संध्याकाळी तुम्ही तुमचं तांबडं पेन माझ्या खिशाला लावलंत.

तरी मागच्या वर्षी मी चुकलो. अध्यक्ष कानाशी येऊन म्हणाले, "भाऊ, खालची जागा राहू दे. किरकोळ ठराव आहे, मागून लिहू." मी राहू दिली. काकीने अंगठा पुढे करताना विचारलं, "रेघ मारली का रं?" म्हटलं, "मारतो, काकी." आठवड्याने त्याच जागेत माझ्याच हाताने लिहिलं, की सोसायटीचं गोदाम अध्यक्षांच्या मेहुण्याला भाड्याने द्यावं. यंदा लोकांची नागली ओट्यांवर पडून राहिली. काकीची दोन पोती उंदरांनी फोडली. ती माझ्या दारात येऊन विचारते, "हा ठराव झाला कवा? मी तर सभेलाच होते." त्यानंतर देवापुढे हात जोडायलाही संकोच वाटू लागला.

आजच्या सभेत उभा राहून ते पान वाचलं. हे सभेनंतर लिहिलं, अक्षर माझं आहे, असं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "याचं डोकं फिरलंय." काकी उठली. "फिरलं नाय, जाग्यावर आलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण माझा अंगठा परत दे."

गोदामाचा ठराव रद्द झाला. माझं सचिवपद ठेवायचं की नाही, ते पुढच्या सभेत ठरेल. एक गोष्ट मात्र तिथे बोललो नाही, आणि तुम्ही गेल्यापासून हे पत्र पाठवायला पत्ता उरला नाही, म्हणूनच तुम्हाला सांगतो: "मारतो, काकी" म्हटलं तेव्हा तुमचं पेन माझ्या खिशातच होतं. आज ते काढलं, पट्टी ठेवली, रेघ ओढली. काकीने पान डोळ्यांजवळ धरून पाहिलं आणि मगच अंगठा दिला.