बाइकमध्ये कारचं ऑइल

रविवार, संध्याकाळ

साळ्याचं तोंडही पाहावंसं वाटत नाही. माह्या ड्रॅग रेसच्या बाइकमध्ये त्यानं कारचं ऑइल ओतलं! त्या ऑइलनं बाइकचा क्लच घसरते, एवढंही समजत नाही त्याले? आज रेसचा हिरवा लाइट लागला, इंजिन नुसतं बोंबलत राहिलं, गाडी काही पळेना. सर्वांसमोर झापलं त्याले, "काहून ओतलं गा हे?"

तो हळूच म्हणाला, "भाऊजी, दुकानातून फोन केला होता. तुम्हीच म्हणाले, डोकं नको खाऊ, सगळ्यात महाग ते आण."

म्हणालो होतो. तरी गधा म्हटलं त्याले. तो सोनेरी डबा अजून समोर आहे. त्याच्यावर कारचं एवढं मोठं चित्र! दिसलं नाही त्याले? ओतताना फनेल तर मीच धरलं होतं.

जाताना माफी मागून गेला. त्या माफीचाच जास्त राग येऊन राहिला.