फुटपाथकडचं चाक

४ मार्च, मंगळवार
टायर गेला. आठ महिन्यांत! बाकीचे तीन ठणठणीत, आणि पुढचा फुटपाथकडचा तेवढा बाहेरच्या कडेला पार गुळगुळीत. टायरवाले म्हणाले, हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या, जास्त असती तर मधला भाग. हा एकाच कडेला गेलाय, वर बाजूला ओरखडे. "अलाइनमेंट मी दोनदा करून दिलं, ते परत बिघडतंय. ताई, ही गाडी रोज कुठेतरी फुटपाथला घासतेय. घरात कोणकोण चालवतं?"

मी आणि बाबा.

नवा टायर बसवून घरी आले. बाबा सत्तरीचे आणि माझ्या लेकीला, ठकीला शाळेत नेणं-आणणं त्यांच्याकडे. सहा महिन्यांपूर्वी हट्ट धरून मागून घेतलंय ते काम.

६ मार्च
आज शाळेपर्यंत त्यांच्या शेजारी बसून गेले. काही म्हणता काही चुकलं नाही. बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस, मी बघतेय म्हटल्यावर जपूनच चालवणार. शाळेपाशी मुलं फुटपाथच्या अगदी कडेला रांग लावतात.  आजवर नुसता टायर घासला म्हणून आपण टायरबद्दल बोलतोय; उद्या एखादं मूल असलं तर?

८ मार्च, शनिवार
बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. "वयाच्या मानाने उत्तम," म्हणे. बाबा खूश. "आलोच आहोत तर तूही दाखवून घे," म्हणाले. मी म्हटलं, "दिवसभर मुद्रितं तपासते मी, बाबा. अनुस्वार सुटत नाही माझ्या नजरेतून." बाबा विषय बदलण्यात पटाईत!

पण मला डॉक्टरांचा भरवसा वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाचं मन राखलं असणार. आणि डोळे खरंच चांगले असतील तर मग लक्ष जात असेल. ते तर आणखी वाईट.

११ मार्च
किल्ली मागितली. गोडीत बोलायचं ठरवून गेले आणि तोंडातून निघालं, "ठकीच्या जिवाशी खेळ नको."  बाबांनी किल्ली टेबलावर ठेवली. "ठीक आहे. पण ठकीला शाळेच्या बसने पाठव." मी म्हटलं, मी समर्थ आहे न्यायला.

१२ मार्च
बाबा नीट जेवले नाहीत. माझं चुकलं नाही. चुकलं नाही ना?

१७ मार्च
सकाळी मी गाडी काढली की बाबा आपले आधीच बाहेर तयार! ठकीला मागे, रस्त्याच्या बाजूला बसवतात आणि स्वतः पुढे, फुटपाथकडे. मग सगळी वाटभर, "जरा आत घे... अजून आत." किल्ली गेली तरी हुकूम चालूच. आज फाडकन बोलले, "बाबा, गाडी मी चालवतेय." ते खिडकीतून फुटपाथकडे बघायला लागले.  बाबा ठकीबरोबर शाळेपाशी उतरतात, पुढे ऑफिसला मी एकटीच जाते, तेवढीच शांतता.

२५ मार्च
हवा भरायला गेले होते. टायरवाल्यांनी चाकाजवळ वाकून बघितलं आणि मला बोलावलं. नव्या टायरवर, त्याच कडेला, ताजे ओरखडे. दोन ठिकाणी रबर सोलून निघालंय. "बाबा अजून चालवतात?" त्यांनी विचारलं.

चौदा दिवस बाबांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

 रोज सकाळी त्या मुलांच्या रांगेशेजारून मी गेले आहे. गाडी तिथेच ठेवली आणि चालत घरी आले. बाबांना सांगितलं. ते फक्त म्हणाले, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

२६ मार्च
अक्षरं सगळी वाचली, शेवटची बारीक ओळसुद्धा. मग समोर बघायला सांगून कडेला दिवे लावत होते म्हणे. डाव्या, फुटपाथकडच्या बाजूचे लागलेले मला कळलेच नाहीत. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं.

डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला काही जाणवलं नव्हतं का? मी नाही म्हणणार होते.

बाबा म्हणाले, "सहा महिन्यांपूर्वी. हिला सांगायचा धीर झाला नाही. म्हणून नातीला मीच न्यायला लागलो."