टेकडीवरून दिसलेले बाबा (किंवा दुसरं कोणी)

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार (वाकून म्हणजे मनातल्या मनात, सध्या खरोखर वाकलो तर उठता येत नाही, कारण पुढे येईलच). तुझी कंबर आणि वहिनींचा खोकला कसा आहे? तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट बसवायचं चाललं होतं, त्याचं काय झालं? (बसली नसेल तर उगाच घाई करू नका.)

आमच्याकडे बाबा तसेच आहेत. बाथरूममध्ये पडल्यापासून जो पलंग धरलाय तो धरलाय. डॉक्टर म्हणतात हाड केव्हाच जुळलं, बाबा म्हणतात डॉक्टरला काय कळतंय. त्यांना जिना चढता यायला लागला की तुझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर न्यायचं, हे आपलं ठरलेलंच आहे, आणि तुझं मागचं पत्र मी त्यांना मोठ्यांदा वाचूनही दाखवलं. तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि कण्हायला लागले. मला वाटलं, दुखत असेल.

आता टेकडीचं सांगतो. दिवसभर स्टुलावर बसून घड्याळं उघडून उघडून माझं पोट आता टेबलाला टेकतं. म्हणून हिने फर्मान काढलं, की रविवारी सकाळी गावामागच्या टेकडीवर जायचं आणि जेवणाच्या आधी घरी तोंड दाखवायचं नाही (ही दुसरी अट मला तेव्हाच खटकायला हवी होती). टेकडी तशी एवढीशीच, पण काय उभी आहे रे! एक आजीबाई मला मागे टाकून वर गेल्या, वरचा देखावा बघून खाली आल्या, आणि मी त्याच दगडाला टेकलेला दिसल्यावर माझी विचारपूस करून गेल्या. मी म्हटलं, छान चाललंय.

कसाबसा वर पोचलो. वरून म्हणे सगळं गाव दिसतं. मला नुसतं धुरकट दिसलं. डोळ्याला भिंग लावून नाकासमोरचं चक्र बघणाऱ्या माणसाला लांबचं काय डोंबल दिसणार! तिथे आपल्या दातांच्या डॉक्टरीणबाई पक्षी बघत बसल्या होत्या (माझी दाढ काढणाऱ्या त्याच). त्यांनी दुर्बीण दिली आणि सवयीने माझी हनुवटी धरून मान वळवली. आधी पाण्याची टाकी सापडली, मग बेकरीची चिमणी, मग आपली गच्ची. आणि गच्चीवर माझा हिरवा स्वेटर घालून बाबा येरझाऱ्या घालत होते.

आधी मला काहीच कळेना. वाटलं, गच्ची दुसऱ्याची असेल. मग वाटलं, गच्ची आपलीच आहे, म्हातारा दुसऱ्याचा असेल. एवढ्यात ही चहाचे दोन कप घेऊन आली. बाबांनी चहा घेतला, कठड्यावर ठेवला, पोट पुढे काढलं, तळहात डोळ्याजवळ धरून त्यात वाकून वाकून बघायला लागले, आणि ही हसता हसता खाली बसली. दादा, ते माझी नक्कल करत होते! गच्चीवर जायला जिन्याशिवाय वाट नाही, हे मला त्यानंतर सुचलं.

मला राग आला. म्हणजे यायला हवा होता, पण डोळ्यांत पाणीच आलं. केवढे ताठ चालत होते रे! डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पक्षी दिसला का? मी म्हटलं, दिसला, चांगला ठणठणीत आहे.

उतरताना अर्धी वाट बसून घसरत आलो (वाकता न येण्याचं कारण ते हे). घरी पोचलो तर बाबा पलंगावर, आवाज खोल गेलेला, पाणी दे म्हणाले. हिरवा स्वेटर घडी घालून कपाटात, पण उन्हाने गरम. हिला विचारलं, गच्चीवर कोण होतं? मांजर, म्हणाली.

माझ्यापासून का लपवलं, हा विचार करून डोकं भणभणलं. मग उलगडलं. माझ्या पोटात काही राहत नाही, लगेच दादाला कळवतो, असं दोघांचं मत आहे. आता तूच सांग, मी कधी कुणाला काही सांगतो का?

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुम्ही दोघं कामावर गेलात की घर दिवसभर रिकामं. इथे दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आत डोकावून आधी बाबांना वेळ विचारतं आणि मग मला बंद घड्याळ दाखवतं. आणि खरं सांगू? ते गेले तर मला करमणार नाही. पण तूही त्यांचाच मुलगा, तू खोली रंगवून ठेवलीस. माझं डोकं चालेनासं झालंय.

तुझा,
धाकटा

ता. क. सगळ्या गच्च्या लांबून सारख्याच दिसतात. तेव्हा वरचं काही मनावर घेऊ नकोस.

ता. क. बाबांनी आत्ताच विचारलं, कुणाला लिहितोयस? तुला म्हटल्यावर म्हणाले, लिही, मी आहे तसाच आहे. तर ते आहेत तसेच आहेत.

ता. क. तू ये. पण आधी घरी येऊ नकोस. रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन थेट टेकडीवर ये, बाबा कसे चालतात ते तुलाही दाखवतो. मग दोघं मिळून घरी जाऊ आणि त्यांना हात धरून पलंगावर उठवून बसवू.