बाकावरची उमेदवार

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आत्याचे अनेक आशीर्वाद. तू उमेदवार झालीस म्हणून त्यात एकाचीही भर घातलेली नाही. पूर्वी होते तेवढेच आहेत.

पत्र पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. आधी फोनच केला होता. तो उचलला तुझ्या त्या प्रचार-सल्लागाराने. मी उमेदवाराची आत्या बोलते आहे म्हटल्यावर त्याने विचारलं, की काकू, तुमचं मत आमच्या मतदारसंघात आहे का. नाही म्हटल्याबरोबर त्याचा आवाज गार पडला. आयुष्यभर टेलिफोन ऑफिसात बसून लोकांची बोलणी जोडून दिली, आणि आता घरच्या पोरीशी बोलायला मला त्या कडक इस्त्रीची परवानगी लागते. त्यापेक्षा पाकीट बरं.

तुझं पोस्टर पाहिलं. दादाच्या दुकानाशेजारच्या शिंप्याने फोटो काढून पाठवला. हात जोडलेस ते ठीक, पण नाक कुणाचं लावलंय? आपल्या घराण्यात एवढं सरळ नाक आजवर कुणाला मिळालेलं नाही. आणि तुझ्या पक्षाचं तर कौतुकच करायला हवं. आमदारसाहेबांसमोर उभं राहायला त्यांच्याकडचा एकही बाप्या धजेना, तेव्हा कुठे त्यांना एकदम तरुण रक्ताची आठवण झाली. आणि तू, वकिलीच्या पाटीवरचा रंग वाळला नाही तोवर गुडघ्याला बाशिंग बांधून तयार!

थट्टा पुरे. मला काळजी दादाची आहे. तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून तो रोज सकाळी याच आमदारांची दाढी करतो. आता मुलगी त्यांच्याविरुद्ध उभी आणि बाप त्यांच्या गळ्याशी वस्तरा घेऊन उभा. तू हरलीस तर तुला वकिली आहे. दादाला त्या दुकानाशिवाय दुसरं काही नाही, आणि लोक तिथे केसांसाठी कमी, मन मोकळं करायला जास्त येतात. तेवढं जप.

तुझ्यावरची माया शाबूत आहे. भाषणं ऐकून ती वाढेल, या भ्रमात राहू नये.

तुझी आत्या


९ फेब्रुवारी

ती. आत्यास,

भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र प्रचाराच्या गाडीत वाचलं आणि एवढ्या मोठ्याने हसले, की ड्रायव्हरने गाडी थांबवून काय झालं विचारलं. नाक माझं नाही, हे मान्य. सल्लागार म्हणतो, मतदारांना सरळ नाकाचा माणूस सरळ वाटतो. असल्या सल्ल्याचेही लोक पैसे घेतात.

बाबांची काळजी करू नकोस. मी अर्ज भरल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब नेहमीसारखे आले. साहेबांनीच मोठ्या मनाचा आव आणून म्हटलं, की मुलीचं पोस्टर लावा ना दुकानात, माझी हरकत नाही. त्यावर बाबा एवढंच म्हणाले, की इथे आरसे लावायलाच भिंत पुरत नाही. आणि साबणाचा फेस करायला घेतला.

पण आत्या, या माणसाचा मला मनापासून तिटकारा येतो. त्यांच्या बैठकीत एक लांब सोफा आहे. साहेब त्याच्या उजव्या टोकाला बसतात, म्हणजे गाऱ्हाणं घेऊन येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या डाव्या हाताला येतो. साहेब मान डोलवतात, होईल होईल म्हणतात, माणूस हात जोडून घरी जातो. नदीपलीकडच्या वस्तीतली नर्स पुलासाठी इतक्या वेळा गेली, की तिच्या चपला झिजल्या. प्रत्येक वेळी होईल. आणि कंत्राटदार आला, की मात्र साहेब उजवीकडे खुर्ची मागवतात. यातली मेख काय, ते तुला माहीत आहे. मी लहान असताना तुलाच तर सांगितलं होतं.

शाळा सुटल्यावर मी दुकानातल्या बाकावर अभ्यास करत बसायची. साहेब आले, की बाबा त्यांची खुर्ची थोडीशी फिरवायचे, त्यांचा उजवा कान बाकाकडे येईल अशी. बाकी कुणाची फिरवत नसत. मी एकदा विचारलं, त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही का? बाबा म्हणाले, बाकावर बसणाऱ्याने पुस्तकात बघावं, खुर्चीकडे बघू नये. मला काय कळायचं ते कळलं.

माझ्या सभांना माणसांपेक्षा खुर्च्या जास्त असतात. सल्लागार म्हणतो, पूल-बिल कुणी ऐकत नाही. लोक घरी जाऊन एकमेकांना सांगतील असं काहीतरी हवं. माझ्याजवळ ते आहे. बोलू का? बाबांना विचारलं, तर ते वस्तरा पट्ट्यावर घासत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

तुझा लोभ टोमण्यांसकट असू दे.

तुझी भिंगरी


१३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेत, पण आज घाईत.

नाही म्हणाले नाहीत म्हणे! अगं, दादाने वस्तरा घासला याचाच अर्थ नाही. एवढी वकील झालीस, आणि बापाची भाषा येत नाही?

साहेब काम करत नाहीत, हे गल्लोगल्ली सांग. पुलाचं सांग, कंत्राटदाराच्या खुर्चीचं सांग, त्या नर्सला स्टेजवर उभी कर आणि तिच्या चपला दाखव. तो माणूस आळशी आहे, ढोंगी आहे, त्याची काडीचीही कीव मला येत नाही. पण त्याचा कान दादाच्या खुर्चीतला आहे. तो तुला बाकावर बसू दिलं म्हणून दिसला. त्याला हात लावू नकोस.

मी टेलिफोनवर काय काय ऐकलं असेल, याचा विचार कर. एकदा तर ऑफिसातल्या माझ्याच साहेबांनी वरच्या साहेबांना फोन लावायला सांगितला, आणि या बाईची दूर कुठेतरी बदली करा म्हणाले. तो फोन मी जोडला. मध्ये खरखर आली, तर आवाज नीट येतोय ना, म्हणूनही विचारलं. बदलीचा हुकूम हातात पडेपर्यंत घरात अवाक्षर काढलं नाही. तुला हा मूर्खपणा वाटेल. पण त्या गावात लोक फोनवर बिनधास्त बोलायचे ते अशाच मूर्ख बायकांच्या जिवावर.

तुझ्या सल्लागाराला सांग, हरभऱ्याच्या झाडावर चढवायला माणसं पुष्कळ मिळतात. उतरताना शिडी धरायला कुणी नसतं.

यावेळी लोभ जपून ठेवते आहे. तुझं उत्तर आल्यावर देईन.

आत्या


१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशिरा पोचलं, असं लिहिणार होते. पण तुझ्याशी खोटं टिकत नाही. पत्र वेळेवर पोचलं. वाचलं. आणि तरीही बोलले.

बाजाराच्या मैदानावर सभा होती. पुलाचं सांगितलं, तर लोक जांभया देत होते. मग मी खुर्ची मागवली, तिच्या उजव्या कडेला सरकून बसले, डाव्या कानामागे हात धरला आणि मान डोलवत म्हटलं, होईल, होईल! आत्या, पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग मी समजावून सांगितलं, आणि मैदान जे हसत सुटलं, की लाउडस्पीकरवर माझाच आवाज मला ऐकू येईना. आता पोरं रस्त्यात एकमेकांना कान दाखवून होईल होईल म्हणतात. सल्लागाराने तर कानाच्या चित्राचे बिल्ले छापून आणले.

आणि यात खोटं काय आहे, ते सांग. ज्याला ऐकू येत नाही त्याने तसं सांगावं, मशीन लावावं. एवढी वर्षं लोकांना शेंडी लावली त्याने, आणि नाव मात्र माझं खराब? परवा त्यांच्या सभेत कुणीतरी डावीकडून हाक मारली, तर साहेब उजवीकडे वळून हात हलवायला लागले. त्यांचेच कार्यकर्ते तोंड दाबून हसत होते. मीसुद्धा व्हिडिओ पाहून हसले. नंतर तो पुन्हा लावावासा वाटला नाही, एवढंच.

बाबा घरात बोलतात तसे. मीठ दे, दार लाव. सभेबद्दल विचारत नाहीत. तूच त्यांना लिही ना. तुझं ते ऐकतात.

रागावली असलीस, तरी पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा नियम मोडू नकोस.

भिंगरी


२५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. भिंगरीला शिव्या घालून पान भरलंस आणि माझी खुशाली शेवटच्या ओळीत विचारलीस. मी बरा आहे.

दुकानाचं विचारलंस म्हणून लिहितो. सभेच्या दुसऱ्या दिवशी साहेब येणार नाहीत, असं धरून चाललो होतो. पण आले. बाकावर औषधाच्या दुकानवाला, मास्तर आणि शिंपी बसले होते. साहेब खुर्चीत बसले आणि मी सवयीने खुर्ची फिरवली. इतकी वर्षं ती फिरवताना कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांचं गेलं. कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी आरशात बघितलं आणि हळूच म्हणाले, आज राहू दे, सरळच ठेव. मी सरळ केली. दाढी झाल्यावर टॉवेल स्वतःच घडी करून ठेवला आणि गेले. तेव्हापासून आलेले नाहीत.

बाकीचे येतात, पण बोलत नाहीत. मास्तर सुनेबद्दल सांगायचे, आता पेपर वाचतात. औषधवाला तर डोळेच मिटून घेतो. सगळ्यांना वाटतं, ते मीच घरी जाऊन सांगितलं. शिंपी म्हणाला, तुम्ही सांगितलं नाहीत, हे एकदा चारचौघांत सांगून टाका. कसं सांगू? माझी सुटका करायची तर साहेबांचा कान पुन्हा चव्हाट्यावर आणायचा, आणि वर पोरीला चोर ठरवायचं. त्यापेक्षा गप्प बरा. दुकानात कात्रीचा आवाज एवढा मोठा येतो, हे मला माहीत नव्हतं.

भिंगरीला यातलं काही लिहू नकोस. मतदान तोंडावर आहे, तिला झोप हवी. पुलाचं ती खरं बोलते. माझं मत मी तिलाच देणार आहे.

तब्येतीला जप, आणि रागाला आवर.

तुझा दादा


८ मार्च

ती. आत्यास,

आमदार भिंगरीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

निकाल तुला कळलाच असेल. मी पडणार म्हणून जे नाकाने कांदे सोलत होते, ते आता हार घेऊन दारात उभे आहेत. ज्यांनी सभेला खुर्ची दिली नाही, ते सोफा पाठवायला निघालेत. साहेबांच्या पाठीमागे मिरवणारी मंडळी रात्रीतून माझे काका-मामा झाली. अशा लोकांना बघून किळस येते, आणि दुसऱ्या मिनिटाला त्यांच्याशीच हसून बोलावं लागतं.

घरासमोर माणसांची रांग असते. प्रत्येकाचं काहीतरी काम, आणि प्रत्येकाला आजच हवं. ती नर्सही काल येऊन गेली. इतक्या गलक्यात कुणाचं काय चाललंय, डोक्यात काही शिरत नाही. मी आपली मान हलवते, होईल म्हणते आणि पुढच्याला बोलावते. सगळे खूश होऊन जातात.

बाबा मिरवणुकीला आले नाहीत. आता एक काम कर. पेपरवाल्यांना माझा एक फोटो हवा आहे, दुकानातल्या त्याच बाकावर, शेजारी बाबा. बाकापासून विधानसभेपर्यंत, असा मथळा देणार आहेत. मी विचारलं, तर बाबा वस्तरा घासायला लागले. तू समजाव ना. तुझी भाची आमदार झाली, तिच्यासाठी एवढं कर.

लोभ आता तरी मोकळ्या हाताने दे.

भिंगरी


११ मार्च

चि. भिंगरीस,

आमदारीणबाई, आशीर्वाद. नियम मोडत नाही.

तुझं पत्र तसंच्या तसं पाकिटात घालून दादाकडे पाठवलं आहे, आणि तुला तसं कळवतेही आहे. आजवर ऐकलेलं कधी पुढे पाठवलं नव्हतं, हे पहिलंच. समजावण्यासारखं माझ्याजवळ काही उरलेलं नाही. वस्तरा घासण्याचा अर्थ मी तुला फेब्रुवारीतच सांगितला होता.

ती नर्स काय म्हणाली, ते मात्र एकदा आठवून बघ.

आत्या


१६ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. एकाच घरात राहून पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. तुझ्याभोवती सतत माणसं असतात, आणि मला चारचौघांत बोलता येत नाही.

तू निवडून आलीस त्याचा मला आनंद आहे. मत तुलाच दिलं होतं. नदीवर पूल झाला, तर दुकान बंद ठेवून बघायला येईन.

फोटोचं आत्याने कळवलं. तू दुकानात येऊ नकोस. फोटोसाठी नको आणि तशीही नको. राग म्हणून सांगत नाही. मास्तर परवा पहिल्यांदा सुनेबद्दल दोन वाक्यं बोलले. शिंप्यानेही काहीतरी काढलं. जुने साहेब आता दुपारी येतात, बाक रिकामा असतो तेव्हा. मी खुर्ची फिरवत नाही, मीच उजवीकडे जाऊन उभा राहतो. या सगळ्यांना तू बाकावर दिसलीस, तर पुन्हा तोंडं मिटतील. तो बाक बोलणाऱ्यांचा आहे, बाळा. तुला तिथे बसवलं, ते तू माझी म्हणून.

तुझे केस लहानपणापासून मीच कापले आहेत. प्रचाराच्या धावपळीत वाढले असतील. रविवारी परसात स्टूल टाकतो. सल्लागाराला आणू नकोस. स्टुलावर बसलीस, की तुझी पाठ माझ्याकडे असेल, तोंड दिसणार नाही. त्या नर्सचं, कशाचंही, काही मनात साचलं असेल, तर तेव्हा बोल.

मी ते कुणाला सांगणार नाही.

तुझे बाबा