ओहोटीला झोपणारा टॉवर

१९ मार्च, गुरुवार
डोंगरावरच्या मोबाइल टॉवरला पुन्हा लहरींचा गोंगाट. सकाळी दहाच्या सुमारास सुरू झाला, दोनेक तास टिकला आणि कोणी बटण दाबावं तसा गेला. कालमे गावच्या समुद्राकाठच्या बांधावरचा टॉवर मी झोपवायला लागल्यापासून हे चाललं आहे. व्हायला हवं ते उलटं! वापर नसेल तेव्हा बांधावरच्याने झोपायचं, डोंगरावरच्याने दोघांचं काम बघायचं. एका खोलीत दोघं एकदम बोलत राहण्यापेक्षा एकानेच बोललेलं बरं – वीज वाचते आणि ऐकूही नीट येतं. आयुष्यभर नव्या पोरांना हेच शिकवत आले.
तर मग हा तिसरा कोण ओरडतोय?

२० मार्च
आज अकराच्या जरा आधी. काल दहा, आज अकरा. चोर वेळ बदलतो.

२३ मार्च, सोमवार
गाडीत अँटेना टाकून सोसानच्या ऑफिसातून कालमेला गेले. संशय बांधाजवळच्या पर्यटक-निवासाच्या मालकावर. हे लोक रेंज वाढवायची स्वस्त यंत्रं चोरून बसवतात आणि गावभर घाण करतात. सगळं छप्पर तपासलं. काही नाही. मालकाने कॉफी दिली आणि वर ऐकवलं की कंपनीने बाईमाणसाला शिडीवर चढवू नये. मी म्हटलं, शिडी नीट धरा.
दहा ते बारा अँटेना फिरवत बसले – चिडीचूप.
ताईकडे डोकावले. बोंगनामताई, सत्तरची, अजून खाजणाच्या चिखलात तिसऱ्या शिंपल्या काढायला उतरते. म्हणाली, "माहेरी आलीस ती त्या खांबाला भेटायला. मी दिसले, तर म्हटलंस जाता जाता हिलाही बघू." शेवयांवर तिसऱ्यांचं पाणी ओतून वाडगा पुढे सरकवला. बसून खाल्लं नाही म्हणून बोलणी खाल्ली. मी निघाले तेव्हा तीही गुडघाभर बूट चढवत होती.
ऑफिसात पोचून पाहते तर गोंगाट एक वाजता झालेला. मी निघाल्यावर!

३ एप्रिल
मधले दिवस शांत गेले, आता परत सुरू. पुन्हा अकराच्या आसपास. टीमप्रमुख चा (हे त्याचं आडनाव) म्हणाला – मुलासारखा आहे वयाने, पण साहेब – की बाई, इतक्याशा आवाजाने योजना अडवून धरू नका, वरचे विचारताहेत. वरचे विचारताहेत कारण विजेची बचत त्यांना दिसली आहे. गोंगाट फक्त मला दिसतो. जूनअखेर मी निवृत्त. हे काम नीट पार पडावं एवढंच मला हवं आहे. झोप लागत नाही, लागली तर आलेख दिसतात.

२१ एप्रिल, मंगळवार
गोंगाट गेला.
मागच्या शुक्रवारपासून एकदाही नाही. मी काहीही केलेलं नाही. चाने स्ट्रॉबेरीचा केक आणला, सगळ्यांसमोर म्हणाला की बाईंचा टॉवर निजला आणि शेजारीपाजारीही सुखी झाले. टाळ्या. मग कागद पुढे केला – किनाऱ्यावरच्या बाकीच्या गावांतही सोमवारपासून हीच पद्धत.
आपोआप बरं होणारं दुखणं मला आवडत नाही. चा साहेबाला तसं म्हटलं. तो म्हणाला, बाई, केक खा.
सही केली.

८ मे, शुक्रवार
आई-बापाचा दिवस. आई गेल्यापासून लाल कार्नेशनची फुलं ताईला नेते, तिनेच मला वाढवलं. निघताना दोनदा फोन केला – बंद. पोचल्यावर आधी त्यावरूनच बोलले.
तिचं म्हणणं, बॅटरी टिकत नाही. पूर्वी दोन दिवस पुरायची, हल्ली खाजणात उतरलं की चिखलात पाणी मुरावं तशी मुरते. शेजारच्या तोक्सूच्या आईचंही तेच, पलीकडच्या आळीतल्या बायकांचंही तेच. मग सगळ्यांनी ठरवलं की खाजणात फोन बंद ठेवायचा. अडीअडचणीला थोडी शिल्लक असावी.
मी म्हटलं, फोन सात वर्षांचा झालाय, दुसरं काय होणार! वापरायची अक्कल नाही आणि नावं यंत्राला ठेवायची. दुकानात फोन करून तिच्यासाठी नवा सांगून टाकला.
"आण," ताई म्हणाली. "त्याच दुकानात गुडघे मिळत असले तर एक जोडी घे."
भावोजी हसत बसले. मला हसू आलं नाही. परतताना सगळा रस्ता काहीतरी टोचत होतं. काय ते कळेना.

१७ मे, रविवार
कळलं.
आईचं वर्षश्राद्ध चांद्र तिथीने येतं, म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपुढे उभी राहिले. हात मुळ्याच्या किमचीने लाल. कॅलेंडर मच्छीमार सोसायटीचं, ताई दरवर्षी देते. प्रत्येक तारखेखाली भरती-ओहोटीच्या वेळा. आज ओहोटी साडेदहाला. उद्या सव्वाअकराच्या पुढे. रोज पाऊणेक तास उशिरा. मोठी ओहोटी अमावास्या-पौर्णिमेलाच, म्हणून मधले दिवस शांत.
चोराची वेळ!
खुर्ची ओढून बसले. बांधावरच्या टॉवरला मी वार आणि घड्याळ शिकवलं. सोमवारी दहाला सरासरी किती फोन, मंगळवारी अकराला किती. कचेरीत, शाळेत, बाजारात माणसं अशीच जगतात. कालमेत सोमवार नसतो, ओहोटी असते. आज दहाला खाजणात वीस बायका, पुढच्या आठवड्यात त्याच वाराला त्याच वेळी तिथे छातीभर पाणी. सरासरी काढली की प्रत्येक तास रिकामा दिसतो. टॉवर बरोब्बर त्या बाहेर असताना झोपतो.
मग त्यांचे फोन डोंगरावरच्या टॉवरला हाका मारतात. तो लांब, म्हणून जिवाच्या आकांताने. तो गोंगाट ह्यांचाच. बॅटऱ्या त्यातच संपल्या. संपतात म्हणून फोन बंद केले, आणि गोंगाट थांबला. आम्ही केक कापला.
टॉवर वीज वाचवतो म्हणून त्या वाचवतात. त्या वाचवतात म्हणून टॉवरला वाटतं, कोणी नाहीच.
ताईला फोन केला. भावोजींनी घेतला – ती उद्याची टोपली विणून निजली. उद्या बाहेर? होय, खाजणात उतरायची गावाची पाळी आहे. चा साहेबाला कळवलं. त्याचं उत्तर आलं: बदलाला मंजुरी लागेल, उद्या सकाळच्या बैठकीत घेऊ.

१८ मे, सोमवार
लिहिते.
बैठक दुपारपर्यंत लांबली, ती चालू असतानाच भावोजींचा फोन आला. समुद्रावरून धुकं आलंय, बांधावरून स्वतःचे पाय दिसत नाहीत, बाकीच्या आल्या, ताई आणि तोक्सूची आई आलेल्या नाहीत. भरती लागली आहे. गावप्रमुख प्यो भोंग्यावरून हाका मारतोय.
उठले. चा म्हणाला, बाई, मंजुरी. मी म्हटलं, नंतर द्या. टॉवर हाताने जागा केला.
जागा झाला. पडद्यावर बघते – खाजणात शून्य फोन. ताईचा नवा फोनही नाही. जपून ठेवला असणार! टॉवर टक्क जागा आणि त्याला ऐकायला कोणी नाही.
भावोजींना म्हटलं, प्योकडे धावा, भोंगा ऐकू येतोय ना त्यांना? ते म्हणाले, येत असणार, पण धुक्यात आवाज चारी बाजूंनी येतो, कुठे चालावं कळत नाही. म्हटलं, हाका बंद करायला सांगा. माझ्या नावाने एकच वाक्य म्हणायला सांगा.
फोनमधून मलाही भोंगा ऐकू येत होता. आधी प्यो त्याच्या सवयीने खोकला, मग: "ताई, वहिनी, फोन चालू करा. ग्योंगरान सांगते, बॅटरी जाणार नाही. फोन चालू करा." पुन्हा. पुन्हा. मध्ये खत-वाटपाचंही सांगून टाकलं, सवय मेली.
चा माझ्या खुर्चीमागे उभा होता.
पडद्यावर एक फोन उगवला. तोक्सूच्या आईचा. जागा दाखवली – दोघी बांधाकडे नाही, समुद्राकडे चालत होत्या. ती जागा तटरक्षकांना दिली, तिला फोन लावला. ताईने घेतला.
म्हटलं, पाठ फिरव. आता सरळ चाल. डावीकडे खाडी लागेल, उतरू नकोस.
"पाणी कमरेला आलंय गं," ताई म्हणाली. आवाज बाजारात भाव विचारतात तसा. "टोपली टाकू का?"
टाक म्हटलं. पहिल्यांदाच माझं ऐकलं.
बोट पोचेपर्यंत फोन ठेवू दिला नाही. बॅटरी पुरली.

१९ मे
ताई बरी आहे, टोपलीसाठी हळहळते आहे. चाने मंजुरी लिहिली, कालचीच तारीख घालून. कालमेचा टॉवर आता ओहोटीच्या वेळा पाळणार. बाकीच्या गावांचं विचारलं तर म्हणाला, बाई, तिथून एकही तक्रार नाही.

२० मे, बुधवार
त्या गावांचे आकडे उघडले. महिन्याच्या सुरुवातीच्या मोठ्या ओहोट्यांना गोंगाट, सरकत जाणारा. या आठवड्याच्या ओहोट्यांना नाही. ओळीने सगळीकडे तीच शांतता. कोणाला न विचारता सगळे टॉवर जागे केले. पण जागा टॉवर बंद फोनला काही सांगू शकत नाही.
तिथे माझी ताई राहत नाही.