जावयाला छत्तीस मार्क

३ सप्टेंबर, शनिवार
आजपासून मॉस क्रीक कॉलेजच्या फुटबॉल टीमला दर सामन्यानंतर मार्क द्यायचे. फक्त आक्रमणाला, शंभरपैकी. आक्रमणाचा कोच क्लेटन माझा जावई आहे. पण दर्जाचा प्रश्न आला की नातं बघायचं नाही. मी स्वतः एकोणीस वर्षं शाळेच्या टीमचा कोच होतो. सामने फार जिंकलो नाही. दर्जा मात्र कळतो.
आज ४१-१० जिंकलो. मार्क : ५४. दोन टचडाउन, म्हणजे बारा पॉइंट, निव्वळ नशिबाचे.

४ सप्टेंबर
चर्चहून क्लेटन, मुलगी कॉरिन आणि नात टेस जेवायला. फ्राइड चिकन. क्लेटनला त्याच्या सतरा चुका सांगायला घेतल्या. नवव्या चुकीला तो गाडीला कुलूप लावलंय का बघायला उठला, तो परत आलाच नाही. नादीन म्हणाली, "हार्लन, तुझ्या टीमने अख्ख्या सीझनमध्ये तरी एकेचाळीस पॉइंट केले होते का रे?"
बायकोला आकड्यांपलीकडचं दिसत नाही.

१७ सप्टेंबर
हरलो, १३-२०. आपल्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे बॉल फेकणाऱ्या मुख्य पोराचा, गुडघा मोडला. ही सबब झाली. मार्क : ३६.
कॉलेजच्या सगळ्या खेळांचे प्रमुख मिस्टर प्रूइट. त्यांना सात पानी रिपोर्ट पाठवला. खाली सही, आणि कंसात 'क्लेटनचा सासरा'. वजन पडतं.

२७ सप्टेंबर
रेडिओवर फोन लावला. बॉल हातात घेऊन पुढे पळायचं सोडून तीनदा आपटायचं आणि चौथ्यांदा लाथ मारून बॉल समोरच्यांना देऊन टाकायचा, याला आक्रमण म्हणतात? त्याला नाव दिलं : 'लाथमाऱ्या क्लेटन'. निवेदक खो खो हसला.
आठवड्याला एकच फोन, असं ठरवलंय.

२८ सप्टेंबर
दुसरा फोन. कालचा मुद्दा अर्धवट राहिला होता.

८ ऑक्टोबर
६-३१. अठरा हजार माणसं एका सुरात ओरडत होती, "लाथमाऱ्या! लाथमाऱ्या!" माझा शब्द! डोळे भरून आले. कॉरिन पुढच्या रांगेत होती. मध्यंतरातच उठून गेली. ऊन फार होतं.

१० ऑक्टोबर
कॉरिन आली. टेसला शाळेच्या बसमध्ये मुलं 'लाथमाऱ्याची पोर' म्हणतात, म्हणून ती बसमध्ये चढतच नाही. म्हणाली, "डॅडी, हात जोडते, थांबवा हे. तो जेवत नाही, झोपत नाही." मी समजावलं की टीकेनेच माणूस घडतो. तिने विचारलं, "त्याची जागा तुम्हाला हवीये का?"
हसलो. ती गेल्यावर सहज जुना कोचचा शर्ट घालून पाहिला. बटणं लागेनात. आटला असणार.

३१ ऑक्टोबर
क्लेटनला काढलं. प्रूइट साहेबांनी पत्रकारांसमोर माझ्या रिपोर्टमधल्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "खुद्द घरच्यांचाही यांच्यावर विश्वास उरला नव्हता." माझं आडनाव चुकीचं उच्चारलं, पण टीव्हीवर आलं.
त्याला काढावं असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. आता मात्र त्यांना अनुभवी माणूस लागणार. दिवसभर फोनपाशी बसलो. नादीनने जेवण वाढलं नाही.

२ नोव्हेंबर
स्वतःच गेलो. प्रूइट साहेबांच्या दारात पन्नास मिनिटं. ते जेवायला बाहेर पडले तेव्हा गाठलं. म्हणालो, मी तयार आहे. म्हणाले, "कशाला?"
सांगितलं. ते सेक्रेटरीकडे बघून हसले. "अहो, पुढचा माणूस आम्ही जुलैतच ठरवलाय. क्लेटनला काढायला नुसतं निमित्त हवं होतं. ते तुम्ही घरपोच दिलंत." मग मला कॉलेजची टोपी दिली.
टोपी चांगली आहे.

१३ नोव्हेंबर
क्लेटनला दूर आयडाहोत एका शाळेत सहायकाची नोकरी मिळाली. निरोप द्यायला गेलो, सोबत सुधारणांची यादी. तो मला नेहमी 'सर' म्हणतो. आज म्हणाला, "मिस्टर स्ट्राउड, तो गुडघा मोडलेला पोरगा अजून कुबड्यांवर आहे. एकदा तरी चौकशी केलीत त्याची?" यादी घेतली नाही. टेसने मला बघून गाडीची काच वर केली.
थंडी होती.

१८ नोव्हेंबर
नादीन आठवडाभरासाठी त्यांच्याकडे गेली. शिवणयंत्र घेऊन गेली.

२४ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
टर्की स्वतः भाजली. आतून कच्ची राहिली. ओव्हन खराब आहे.
कॉरिनचा नंबर बंद लागतो. नादीनचा लावला तर टेसने उचलला. मागे खूप माणसांचा आवाज, ताटल्या, हसणं. मी म्हणालो, आजोबा बोलतोय. एकदम सगळं शांत झालं. मग टेस म्हणाली, "घरी कोणी नाहीये." आणि फोन ठेवला.
सहा वर्षांच्या पोरीला सणाच्या दिवशी घरात एकटं सोडतात! कॉरिनला सविस्तर लिहायला हवं. पत्ता मात्र माझ्याकडे नाही.