माश्यांखालचं रबर

किसुमू,
९ मे

प्रिय ओकुमूमामा,

सादर नमस्कार. मामीचा गुडघा कसा आहे? नैरोबीची थंडी तिला सोसते का? आई बरी आहे. तळ्यावरच्या माश्यांचे ढग यंदा लवकर आले. आई पुन्हा परात फिरवून त्या गोळा करते, त्यांच्या वड्या थापते, आणि मी पुन्हा जेवायला शेजारी जाते. तुम्ही नेहमी म्हणता, या पोरीचं नाक फार वर. असेल.

फोन सोडून ही पत्र का लिहीत बसली, असं वाटेल. फोनवर तुम्ही हसवता आणि मी हसते. आज मला हसायचं नाही.

आधी कामाचं सांगते. आमच्या एका विमानात उजवीकडची गार हवा बंद पडायला लागली. जमिनीवर सगळं ठीक. उडालं की थोड्या वेळाने केबिन तापायची आणि कुजलेल्या मासळीसारखा वास सुटायचा. बाहेरची थंड हवा आत घेऊन यंत्र निववणारा व्हॉल्व्ह अर्धवट अडकायचा आणि यंत्र तापून बंद पडायचं.

आमच्या हँगरच्या प्रमुखांनी, कोसगेईसाहेबांनी, बघितलंसुद्धा नाही. "माश्याच असणार. दर वर्षीचं आहे. धू आणि बसव."

धुतला. आत काळी लापशी साचली होती, पंखांची, पायांची. नखांत गेली, केसांत गेली. शियुंदू, माझ्या जोडीला काम करतो तो, म्हणाला, "आवूर, डबा भरून ने की आईला. आयत्या वड्या!" मी हँगरमागे जाऊन ओकले.

विमान गेलं आणि तसंच तापून परत आलं. पुन्हा धुतला. पुन्हा तेच. त्या खेपेला विमानाच्या जिन्यावरून एक बाई धावत उतरली. गणवेशातली पहिली मीच दिसले, म्हणून तिने मूल माझ्या अंगावर टाकलं. "धर! तुमच्या भट्टीत भाजलंय माझं लेकरू!" ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं ते. प्रवाशांतल्या एका नर्सने पाणी शिंपडलं, वारा घातला, तेव्हा कुठे रडलं. आता बरं आहे, मी चौकशी केली. साहेब तिथेच उभे होते. बाई गेल्यावर म्हणाले, "जरा जास्त साबण लाव."

त्या क्षणी मला माश्यांपेक्षा त्या माणसाची किळस आली.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. म्हणजे तुमच्याच. वायरी तपासल्या, वीज नीट पोचत होती. डावीकडचा व्हॉल्व्ह उजवीकडे लावला, उजवीकडचा डावीकडे. पुढच्या उड्डाणात डावी बाजू तापली. म्हणजे माश्या दोन्हीकडे सारख्याच, पण दोष त्या व्हॉल्व्हबरोबर हिंडतोय. मग तुमच्या इथल्या जुन्या गॅरेजातली ती निळी बस आठवली, सावलीत शहाणी आणि रस्त्यावर हट्टी. तुम्ही म्हणाला होतात, गरम झाल्यावर रुसतं त्याला गरम करूनच विचारायचं. कँटीनमधून मोठं पातेलं आणलं, व्हॉल्व्ह पिशवीत घट्ट बांधला आणि उकळत्या पाण्यात सोडला.

"सूप झालं का गं?" शियुंदूने विचारलं.

थंड असताना आतली पाती बोटाने फिरत होती. आता ती मध्येच चिकटली, च्युइंगगमसारखी. शियुंदूचं हसणं थांबलं.

उघडला. नैरोबीच्या वर्कशॉपमधून नवीन रबरी सील बसवून आलेला व्हॉल्व्ह होता तो. आत सील नव्हतं. सायकलच्या ट्यूबची पट्टी होती, डिंक लावून डकवलेली.

तुमच्या त्या वर्कशॉपमध्ये बरेच लोक काम करतात. कोणीही डकवली असेल. कोणीही घाईत असू शकतं.

मामा, हे 'कोणीही' मी दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा हात अडला.

पट्टीची कड दातेरी कापलेली आहे. दर तिसरा दात लांब, वळणावर पट्टी उलटू नये म्हणून. असं आणखी कोणी कापत नाही. बसखाली तुमच्या शेजारी पालथी पडून मी असेच दात कापायची, कारण माझी बोटं बारीक होती. "चिमटे, दात सारखे येऊ देत." शाळेत घालण्याआधी तुम्ही मला हे शिकवलंत. मला वाटायचं, जगात याहून सुंदर काही नसेल.

माश्यांची घाण साबणाने गेली. ती पट्टी हातात धरली आणि नंतर चारदा हात धुतले. वास तर कसलाच नव्हता.

तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. परदेशातून सील येईपर्यंत विमानं उभी ठेवायची का? निम्म्या किसुमूच्या बसगाड्या माझ्या ट्यूबवर चालतात! चालतात, मामा. पण बस तापली तर माणूस खिडकी उघडतो. वर दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह अडकले तर दोन्ही यंत्रं बंद पडतात आणि केबिनमधली हवाच विरळ होत जाते. तुमच्या हातचे आणखी किती व्हॉल्व्ह उडताहेत, हे मला कळायला मार्ग नाही. ते तुम्हालाच माहीत आहे.

साहेबांना ट्यूब दाखवली. "नवा लाव आणि गप्प बस," म्हणाले. व्हॉल्व्ह आणि पट्टी मी माझ्या अवजारांच्या पेटीत कुलूप लावून ठेवलीय. परवाना मिळाला तेव्हा तुम्ही पाठवलेल्या पेटीत. तुमचं नाव अजून कोणाला सांगितलेलं नाही, शियुंदूलाही नाही.

हे पत्र घेऊन तोच आलाय. तुम्ही वाचत असाल तेव्हा तो दारात उभा असेल. त्याला चहा नको, बसवून घेऊ नका. त्याच्या फोनवरून मला त्या सगळ्या व्हॉल्व्हचे नंबर सांगा, एकही न वगळता. त्यानंतर विमानांच्या तपासणी कार्यालयाला तुम्ही स्वतः फोन करा. अंधार पडायच्या आत तुम्ही केला नाहीत, तर मी करेन आणि कापणाऱ्याचं नाव सांगेन. मग नंबर न कळल्यामुळे त्यांना सगळीच विमानं उतरवावी लागली तरी चालेल.

मामीला तुम्ही सांगा. मला जमणार नाही.

आजवर पत्राच्या शेवटी 'तुमची चिमटी' लिहीत आले. आज नंबरांची वाट बघतेय.

आवूर